काढलेल्या कांद्याचा पंचनामा

अहो,

माथ्यावर काय लिहायचं तेच आधी कळेना. प्रिय लिहिलं तर तुम्ही लाजून ओट्यावर जाऊन बसाल, आणि तीर्थरूप लिहिलं तर खो खो हसाल. म्हणून नुसतं अहो. जन्मभर हाक मारली तीच.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय, ते काही आठवण आली म्हणून नाही. आठवण रोजच येते, तिला कागद लागत नाही. लिहितेय ते मला तुमचा राग आलाय म्हणून. सकाळपासून आलाय आणि भांडायला समोर माणूस नाही! दत्तूशी भांडून झालं, शेजारच्या रंगनाथ भाऊजींशी भांडून झालं, नव्या तलाठ्याशी तर असं भांडले की तो बिचारा पाणी न पिताच गेला. पण ज्याच्याशी भांडायचं तो फोटोत बसून हसतोय. तुमच्यापायी आज मी भर शेतात, चार माणसांपुढे, हातातोंडाशी आलेली सरकारी मदत घालवून बसले. तुमच्यापायीच! मान हलवू नका.

गारा पडल्या. हो, परत! परत चैत्रात, आणि परत कांदा काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. देवाला दुसरं काही सुचत नाही का हो? आख्खा चांदवड तालुका पडलाय, एवढा उन्हाळा पडलाय, पण गाठायचं ते आपल्या शेताला, आणि तेही कांदा उघड्यावर पसरलेला असताना.

त्या मागच्या गारपिटीचं तुम्हाला आठवतं का? तुम्हाला कुठलं आठवणार! तुम्ही झालं गेलं विसरून दुसऱ्या दिवशी औत धरणारे. मला सगळं आठवतं. दत्तू तेव्हा शाळेत जात होता. आपली सात-आठ घरांची सावड होती. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात कांदा काढायचा, उद्या दुसऱ्याच्या, मजुरी द्यायला नको का घ्यायला नको. पहिला दिवस रंगनाथ भाऊजींचा ठरला होता, आपला शेवटी. आणि नेमकं भाऊजींकडे सुतक आलं. चुलता वारला त्यांचा.

भाऊजी धावत आपल्या दारात आले. "तात्या, माझा दिवस जातोय. सुतक फिटल्याबिगर शेतात पाय नाय ठेवता यायचा. सावडीची माणसं उद्या येऊन उभी राहतील, काय करू?"

तुम्ही एवढासुद्धा विचार केला नाही. "मंग तुझा दिवस मी घेतो, माझा तू घे. हाय काय अन् नाय काय!"

मी चुलीपासून ओरडले, "अहो, आपल्या कांद्याची मान अजून पडली नाय!" कांदा तयार झाला की पात आपोआप आडवी होते, तोवर हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला सांगायचं? मी सासरी आले तेव्हा तुम्हीच मला वाफ्यात उभं करून शिकवलेलं. पण नाही. भाऊजींपुढे तुमचं शहाणपण कुठे जायचं कोण जाणे. "सावड मोडायची नाय, गिरजे," म्हणालात आणि चहा टाकायला सांगितलात. टाकला मी चहा. साखर मुद्दाम कमी घातली, ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा कांदा निघाला. ओळीने मांडला, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर, उन्हाने करपू नये म्हणून. काय सुंदर दिसत होतं शेत! त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं आणि पुढचं काही मला सांगवत नाही. पत्र्यावर असा आवाज की तुम्ही तोंड हलवताय एवढंच दिसत होतं. गोणपाटं घेऊन पळालो आपण, पण किती झाकणार? पात कांद्याला उन्हापासून वाचवते, गारेपासून कशी वाचवील! सगळा कांदा ठेचला, वरनं पाऊस लागला. आठवडाभर त्या कुजक्या वासाने जेवण जात नव्हतं.

आणि भाऊजींचा कांदा जमिनीत. पातीचा चेंदा झाला, पण खाली कांदा शाबूत. जरा बारीक निघाला, एवढंच. बाजारात विकलाही त्यांनी.

मग सरकारला दया आली. मदत जाहीर झाली, ट्रान्झिस्टरवर आलं, सगळे एकमेकांकडे पळाले. आणि तलाठी भाऊसाहेब काय सांगतात? मदत मिळणार ती उभ्या पिकाला. उभं म्हणजे जमिनीत असलेलं. काढलेला कांदा शेतात असला तरी तो पीक नाही म्हणे, तो माल. सांगा आता! ज्यांचा कांदा जमिनीत वाचला त्यांना मदत, आणि ज्यांचा वर पडून सडला त्यांना रामराम. हा कायदा कुणी केला असेल हो? त्या माणसाने आयुष्यात कधी कांदा काढताना पाहिला असेल का? कांदा ताटात उगवतो असं वाटत असेल त्याला.

गावात काय झालं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ज्यांचा ज्यांचा काढलेला होता, त्यांनी बांधालगतच्या दोन-दोन वाफ्यांत कांदे परत खोचले. माती ओढली, पात वर काढली, पाणी शिंपडलं. तलाठी काही आत चिखलात शिरणार नव्हता, बांधावरनं बघून लिहिणार. तलाठ्यालाही कळत होतं. तोही शेतकऱ्याचाच पोर, डोळे मिटून घ्यायला तयार होता. मी तुम्हाला म्हटलं, "चला, दोन वाफे खोचू." तुम्ही म्हणालात, "उपटलेला कांदा परत लावू? माझा हात नाय व्हायचा." जसं काही मी चोरी करायला सांगत होते! सडलेला होता ना? गेलेला होता ना? नुकसान खरं होतं, फक्त जागा खोटी.

मग तलाठी आला. बांधावर उभा राहून विचारलं, "तात्या, कांदा जमिनीत होता का काढलेला?"

"काढलेला."

"तात्या, नीट आठवून सांगा." त्याने हे सांगताना डोळासुद्धा मिचकावला. मी बघितलं.

आणि तुम्ही काय बोललात! "आठवायचं काय त्यात भाऊसाहेब, आदल्या दिवशीच काढला." मी बांधावर उभी राहून ओठ चावत होते. रंगनाथ भाऊजी तिथेच उभे होते, पंच म्हणून सही करायला आलेले. त्यांनी तोंड उघडून एवढं तरी सांगायचं, की साहेब, माझ्या सुतकापायी या माणसाने दिवस बदलला, नाहीतर त्याचा कांदा जमिनीतच असता. ते पायातल्या वहाणेचा अंगठा बघत बसले. आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "भाकरी वाढ." भाकरी! पोटात कुठून जात होती तुमच्या?

वाटपाच्या दिवशी तर कहर केलात. शाळेच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर, हारतुरे, साहेबांची जीप. ज्याला काही मिळणार नव्हतं तो गावातला एकुलता एक शहाणा सकाळपासून सतरंज्या अंथरत होता. आणि नंतर पुढे बसून टाळ्या वाजवत होता! मी शाळेच्या भिंतीवरनं बघितलं हो. रंगनाथ भाऊजींचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात मोठी टाळी तुमची. संध्याकाळी ते पेढे घेऊन आले तर तुम्ही दोन खाल्लेत, मला म्हणालात, "तूबी घे." मी आत निघून गेले.

त्या वर्षी माझ्या पाटल्या मोडल्या. त्याबद्दल मी कधी बोलले का? बोलले, रोज बोलले, आणि आजही बोलतेय. पण तुम्हाला सांगू का, मला पाटल्यांचा राग नव्हता. खरं बोललात त्याचाही नव्हता, खरंच सांगते. राग होता तो तुम्ही खरं बोलून गप्प घरी आलात त्याचा. चांदवडला कचेरीत जायचंत, टेबलावर हात आपटायचात, म्हणायचंत की बाबांनो, हा कसला नियम, काढलेला कांदा काय माझ्या घरात होता? मी शंभरदा म्हटलं. तुमचं एकच, "सरकारला दिसत असंल ना, गिरजे." त्या बिचाऱ्या सरकारवर तुमचा केवढा विश्वास! माझ्यावर तेवढा असता तर एकदा तरी गेला असतात.

बरं, आता यंदाचं ऐका.

तुम्ही गेलात तेव्हा दत्तू मला न्यायलाच बसला होता. सातपूरला त्याची खोली आहे, कारखान्यातली नोकरी पक्की झाली आहे, सूनबाई चांगली आहे. मी दोनदा जाऊन राहिले. भोंगा वाजला की उठायचं, नळ आला की धावायचं, आणि कांदा संपला की पिशवी घेऊन पावशेर आणायचा! अहो, मी पावशेर कांदा विकत घेतला. दुकानदार म्हणाला, "मावशी, चांगला हाय, घ्या." मी उलटा करून बघितला तर मानेत ओला होता. त्याला काय सांगणार? परत आले आणि दत्तूला म्हटलं, एक वर्ष मला करू दे. माझं मी करते, नाही जमलं तर येईन.

आणि जमलं हो! तुम्ही मागे राखून ठेवलेल्या कांद्याच्या बियांचं रोप टाकलं, पौषात लागण केली, सावडीला माझी मी गेले, माझ्या दिवसाला सगळे आले. पुढच्या सालाच्या बियांसाठी विहिरीजवळ चार ओळी डोंगळेही, बी धरायचे कांदे, लावले, पांढरी फुलं अशी डवरली होती की मधमाश्या हटत नव्हत्या. यंदा मी मान पडेपर्यंत थांबले, कुणाचाही दिवस बदलून घेतला नाही. सगळं तुमच्या उलट केलं. तरी गारा काढणीच्या दुसऱ्याच दिवशी!

कांदा गेला ते गेलाच, पण डोंगळे पार झोडपले गेले. एक बोंड धड नाही. म्हणजे पुढच्या सालाला घरचं बीसुद्धा नाही. दत्तू शिफ्ट बुडवून एस्टीने आला, सगळं शेत फिरला. तुमच्यासारखाच उभा राहतो हल्ली, हात मागे बांधून. मग म्हणाला, "आई, बी कुठनं आणणार? मदत मिळाली तर घे अजून एक साल. नाय मिळाली तर शेत बटाईने देऊन टाकू अन् तू माझ्याबरोबर चल. आता हट्ट नको." मी कबूल केलं. काय करणार? त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या तरी पगारात किती ताणायचं?

तेव्हा आज सकाळी, पंचनाम्याच्या आधी, मी उठले आणि खुरपं घेतलं. हो, खोचले मी कांदे! तुमचा हात झाला नाही, माझा झाला. दत्तूला बरोबर घेतलं. कांदा इतका दबलेला की बोटं लावली तर पाणी सुटायचं. आणि तुमचा लेक कारखान्यातला माणूस ना, त्याने दोरी धरल्यासारखी ओळ लावली! मी म्हटलं, "अरे, जरा वाकडी कर, असा कांदा कुठे उगवतो का?" तर म्हणतो, "वाकडं लावायला हात वळत नाय." त्या तसल्या सकाळीसुद्धा मला हसू आलं. मग लगेच रडू आलं. त्याने बघितलं नाही असं केलं.

नवा तलाठी आला, कोवळा पोरगा आहे, बोलायला नम्र. बरोबर पंच म्हणून रंगनाथ भाऊजी. भाऊजींनी वाफ्याकडे बघितलं, ती ओळ बघितली, त्यांना सगळं कळलं. त्यांचाही कांदा यंदा काढलेलाच होता, त्यांनीही पहाटेच खोचला होता. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. सगळं नीट चाललं होतं. तलाठ्याने पिशवीतनं कागद काढले, गट नंबर बघितला आणि सहज म्हणाला, "या गटात मागच्या गारपिटीला नुकसान निरंक होतं ना?"

मी म्हटलं, "निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नुकसान झालं नव्हतं, आजी."

अहो, माझ्या डोक्यात काय गेलं मला कळलं नाही. काही नुकसान झालं नव्हतं! मला वाटलं होतं, मदत मिळाली नाही तरी तुम्ही खरं बोललात ते तरी कुठे लिहिलेलं असेल. काढलेला होता, सडला, नियमात बसला नाही, असं काहीतरी. एवढ्यासाठी तुम्ही खरं बोललात ना? आणि त्यांनी लिहिलं काय, तर झालंच नाही! त्या कुजक्या वासाचं काय? पाटल्यांचं काय? वर्षभर तुम्ही लोकांच्या बांधावर रोजाने गेलात त्याचं काय?

मी गप्प उभी राहिलेली बघून रंगनाथ भाऊजींना वाटलं, बाई घाबरली. ते पुढे झाले. मनाने चांगलेच आहेत ते, मला ठाऊक आहे. म्हणाले, "लिहा भाऊसाहेब, कांदा जमिनीत होता. मी पंच हाय, मी सांगतो."

बस. तिथे माझं सुटलं. त्या साली खरं सांगायला तोंड उघडलं नाही, आणि आज खोटं सांगायला कसं भराभर उघडलं! मी वाफ्यात गेले, खोचलेला कांदा उपटला, उपटला कसला, नुसता उचलला, आणि तलाठ्याच्या हातात दिला. म्हटलं, "हा काढलेला हाय. गारांच्या आदल्या दिवशीच काढला. आज सकाळी मी अन् माझ्या लेकाने खोचला. बघा, मुळी सुकलेली हाय."

दत्तूने कपाळावर हात मारून घेतला.

तलाठी म्हणाला, "आजी, असं नका करू. काढलेला असेल तर मदत बसत नाही."

"नाय बसली तर नाय. पण झालं ते लिहा. काढलेला, शेतात पडलेला, गारांनी गेलेला. निरंक लिहायचं नाय माझ्या शेतावर. एकदा लिहिलंत तेवढं पुरे झालं."

"त्याला रकाना नाही, आजी."

"रकाना नसंल तर कडंला लिहा. जागा हाय की!"

तो भाऊजींकडे बघायला लागला. आणि भाऊजींनी पायताणाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, हे आता पुढची दहा वर्षं पायताणच बघणार. पण त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा आवाज असा फुटला की मला त्यांच्यावरचा राग धरून ठेवता येईना. "लिहा भाऊसाहेब. बाई म्हणती तेच खरं. माझाबी कांदा उपटलेलाच हाय, माझंबी तसंच लिहा. अन् त्या साली तात्याचा कांदा माझ्यापायी वर होता. सुतक माझं होतं. मी तवा बोललो नाय."

इतक्या वर्षांनी! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे रे रंगनाथ. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, "तवाच का नाय बोलला?" आणि तलाठ्याकडे वळले, "लिहा." तलाठ्याने कडेला बारीक अक्षरात लिहिलं. मागचं मात्र मला बदलता येत नाही म्हणाला, ते तहसीलदारांचं काम.

आता तुम्ही फोटोत खूश झाला असाल. थांबा, अजून व्हायचं आहे. तुमच्या खऱ्याने फक्त आपलं घर बुडालं होतं. माझ्या खऱ्याने गाव पेटलं! तो पोरगा शहाणा झाला ना. इथून निघाला तो प्रत्येक बांधावर उतरून कांदे हलवून बघायला लागला. हात लावला की वर! याच्या शेतात, त्याच्या शेतात, सगळीकडे. दुपारी कौतिकची आई अन् तिच्याबरोबर पाच-सहा जणी ओट्यावर आल्या. काय काय बोलल्या! "तुमचा लेक सातपूरला कमावतो, तुमाला काय जातंय? आमच्या पोटावर पाय दिला तुमी!" कौतिकची आई रडत होती. तिची नात लग्नाची आहे. मी काय सांगू तिला? मलाही काही मिळणार नाही, मलाही गाव सोडावं लागेल, हे सांगून तिचं पोट भरणार होतं का? मी ऐकून घेतलं. तुम्हाला माझ्याकडून एवढं ऐकून घ्यायची सवय होती, मला नाही.

तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. माझंही चुकलं असं वाटत नाही. मग चुकतंय कोण? तेच कळत नाही म्हणून डोकं फुटायची वेळ आली आहे. ज्याने तो नियम केला त्याला इथे आणून त्या वासात बसवावंसं वाटतं. जेवायला वाढीन मी त्याला, त्याच वासात.

शेवटी मी त्या सगळ्याजणींना म्हटलं, "शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या, पण सोमवारी माझ्यासंगं चांदवडला चला. आता खोचायला काय उरलं नाय आपल्याकडं. आता एकच, काढलेला कांदाबी धरा म्हणून कचेरीत जाऊन बसायचं." कौतिकची आई म्हणाली, "तुमच्यासंगं? मरंन पण नाय येणार." आणि दाराबाहेर जाऊन परत आली, "ट्रॅक्टर किती वाजता?"

रंगनाथ भाऊजी पुतण्याचा ट्रॅक्टर देणार आहेत. दत्तूने अर्ज लिहून दिला, अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे. आत्ताच्या एस्टीने तो परत गेला, उद्या पहिली पाळी आहे त्याची. जाताना पाया पडला आणि म्हणाला, "आई, सोमवारी नाय म्हणाले तर मी न्यायला येतो. ट्रंक भरून ठेव." मी हो म्हटलं. शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण ट्रंकेला अजून हात लावलेला नाही.

मला जायचं नाही हो. तुम्हाला म्हणून सांगते, दत्तूला नाही सांगितलं. मला इथंच राहायचंय. या विहिरीवर, या बांधावर, तुम्ही वळवून ठेवलेल्या पाटाच्या पाण्यात पाय घालून. खोटं बोलले असते तर राहिले असते. तोंडाशी आलं होतं, एक शब्द, जमिनीत. तेवढाच म्हणायचा होता. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली नसती तर म्हटलाही असता. लावलीत ना वाट!

असो. आता रागवून झालं, घसा बसला. एक वचन देते आणि कागद संपवते.

मी तुमच्यासारखी खरं बोलून भाकरी खायला घरी येणार नाही. सोमवारी उठवतील तोवर कचेरीत बसेन, मंगळवारी परत जाईन, दत्तू न्यायला आला तर त्यालाही तिथेच बोलावीन. यंदाचं तर सांगेनच, पण आधी मागचं. साहेब विचारील, कुणाचं नुकसान झालं होतं, नाव सांगा. भाऊजी पुढे व्हायला बघतील. आजवर असंच झालं. रेशनकार्डाला, मतदार यादीला, दवाखान्यात केसपेपरला, मी आपली पदर तोंडाला लावून मागे उभी आणि तुमचं नाव दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच माझ्या तोंडून निघालेलं. यावेळी मी कुणाला सांगू देणार नाही. भर कचेरीत, मोठ्याने, कारकुनाला लिहिताना नीट ऐकू जाईल असं मीच घेईन: निवृत्ती सखाराम. काढलेला कांदा. सगळा गेला.

तुमची,
गिरजा